मॅकवर ऑटोस्टॅकर्ट आणि रेजिस्टॅक्स : ग्रहांचे छायाचित्रण करणाऱ्या नवोदितांसाठी मार्गदर्शन

दुर्बिणीला कॅमेरा लावून गुरू, शनी, मंगळ किंवा चंद्र यांचे छायाचित्रण करू लागलेल्या प्रत्येकाला लवकरच एक गोष्ट लक्षात येते, ती म्हणजे या छंदात सर्वाधिक वापरात असलेली अनेक सॉफ्टवेअर केवळ विंडोजसाठी लिहिलेली आहेत. नेदरलँड्समधील एमिल क्राइकाम्प यांचे ऑटोस्टॅकर्ट, त्याच देशातील कोर बेरेव्हूट्स यांचे रेजिस्टॅक्स आणि चित्रफितींची पूर्वतयारी करून देणारे पीआयपीपी ही तिन्ही साधने हौशी निरीक्षकांच्या गरजेतून तयार झाली आणि वापरणाऱ्यांना विनामूल्य मिळाली. एकट्याने फावल्या वेळात लिहिलेले सॉफ्टवेअर दोन-तीन ऑपरेटिंग सिस्टिमसाठी निरनिराळे तयार करणे लेखकाच्या आवाक्यात नसते, त्यामुळे मॅक वापरणाऱ्यांची अडचण होते. मात्र तेवढ्यासाठी नवा विंडोज संगणक विकत घेण्याची गरज बहुतेकांना पडत नाही.

या लेखात सर्वाधिक भर एका भेदावर आहे. छायाचित्रणातील काही कामे केवळ फाइलींवर चालतात, तर काही कामांत सॉफ्टवेअरला कॅमेऱ्याशी किंवा दुर्बिणीच्या मोटरशी थेट संवाद साधावा लागतो. पहिल्या प्रकारची कामे मॅकवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवून उत्तम होतात. दुसऱ्या प्रकारच्या कामांसाठी तोच मार्ग धरला तर स्वच्छ आकाशाच्या रात्री केबल आणि ड्रायव्हर (उपकरण संगणकाशी जोडून देणारे सॉफ्टवेअर) यांच्याशी झगडण्यात निघून जातात. हा भेद मनात पक्का असेल तर पुढील सर्व निर्णय सोपे होतात.

पहिली पायरी : कामांची विभागणी

ग्रहांचे छायाचित्रण साधारणतः चार टप्प्यांत होते. प्रथम कॅमेऱ्यातून काही मिनिटांची चित्रफीत घेतली जाते. वातावरणातील हवेच्या हालचालीमुळे ग्रहाचे बिंब सतत थरथरत असते, आणि हजारो चौकटींपैकी थोड्याच चौकटी क्षणभराच्या स्थिर हवेत टिपलेल्या असतात. दुसऱ्या टप्प्यात अस्थिर बिंब चौकटीच्या मध्यभागी आणून नको असलेला भाग छाटला जातो. हे पीआयपीपीचे काम. तिसऱ्या टप्प्यात ऑटोस्टॅकर्ट प्रत्येक चौकटीची गुणवत्ता तपासून त्यांपैकी चांगल्या चौकटी निवडते, त्या एकमेकींवर अचूक बसवते आणि त्यांची सरासरी काढून एकच प्रतिमा तयार करते. यालाच स्टॅकिंग म्हणतात. चौथ्या टप्प्यात रेजिस्टॅक्समधील वेव्हलेट्स या सोयीने त्या प्रतिमेतील दडलेला तपशील उठावदार केला जातो.

या चारपैकी केवळ पहिल्या टप्प्यात कॅमेरा संगणकाला जोडलेला असतो. उरलेले तीनही टप्पे घरी बसून, दुर्बीण गुंडाळून ठेवल्यावर करायचे असतात. आपण वापरत असलेल्या किंवा वापरू इच्छिणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरचे नाव कागदावर लिहून त्यापुढे ‘फाइल’ किंवा ‘उपकरण’ अशी नोंद करावी. शार्पकॅप आणि एनआयएनए ही कॅमेरा व इतर उपकरणे चालवणारी विंडोजवरील लोकप्रिय सॉफ्टवेअर ‘उपकरण’ या बाजूला जातील. त्यांचा विचार लेखाच्या उत्तरार्धात केला आहे.

दुसरी पायरी : आपला मॅक कोणता, हे पाहणे

पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातील अ‍ॅपलच्या चिन्हावर क्लिक करून ‘अबाउट धिस मॅक’ उघडावे. तेथे ‘चिप’ या शब्दापुढे एम१, एम२ अशा मालिकेतील नाव असेल तर तो अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवरचा मॅक आहे; ‘प्रोसेसर’ या शब्दापुढे इंटेलचे नाव असेल तर तो जुन्या रचनेचा मॅक आहे. अ‍ॅपलने जानेवारी २००६ मध्ये इंटेलवर चालणारे पहिले मॅक आणले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिपवरचे. या दोन रचनांसाठी उपलब्ध मार्ग वेगळे असल्यामुळे ही नोंद सर्वांत आधी करावी. त्याच खिडकीत मेमरी किती आहे आणि मॅकओएसची आवृत्ती कोणती आहे हेही दिसते. ते दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. डिस्कवर मोकळी जागा किती आहे तेही पाहावे, कारण या छंदात जागा फार लवकर भरते.

तिसरी पायरी : मॅकसाठीच लिहिलेले पर्याय तपासणे

विंडोजचे सॉफ्टवेअर मॅकवर चालवण्याच्या खटाटोपात पडण्यापूर्वी तेच काम करणारे मॅकचे सॉफ्टवेअर आहे का, हे पाहणे शहाणपणाचे आहे. स्टॅकिंगसाठी लिन्केओस हे खास मॅकसाठी लिहिलेले विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. प्लॅनेटरी सिस्टिम स्टॅकर हे पायथॉन भाषेत लिहिलेले असल्यामुळे मॅकवरही चालते. तेजोमेघ आणि दीर्घिका यांच्या छायाचित्रांसाठी सिरिल हे विनामूल्य सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर मिळते आणि त्या कामासाठी ते इतके समर्थ आहे की केवळ दूरवरच्या आकाशाचे छायाचित्रण करणाऱ्याने हा लेख येथेच थांबवून सिरिल शिकायला घ्यावे.

ग्रहांच्या बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. ग्रहांच्या छायाचित्रणाचे बहुतेक धडे, चर्चा आणि जाणकारांचे सल्ले ऑटोस्टॅकर्ट व रेजिस्टॅक्स गृहीत धरून दिलेले असतात. नवशिक्याला अडचण आली की त्याच सॉफ्टवेअरमधला उपाय सांगणारा माणूस सहज भेटतो, आणि शिकण्याच्या काळात ही सोय मोलाची असते. म्हणून थोडे कष्ट पडले तरी ग्रहांसाठी हीच जोडी मॅकवर बसवून घ्यावी, असे मी सुचवतो.

चौथी पायरी : मार्ग निवडणे

विंडोजचे सॉफ्टवेअर मॅकवर चालवण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग वाइन या प्रणालीचा. १९९३ पासून विकसित होत असलेली ही मुक्त प्रणाली विंडोजशिवायच विंडोजचे सॉफ्टवेअर चालवते. सॉफ्टवेअर जेव्हा ‘फाइल उघड’, ‘खिडकी दाखव’ अशा सूचना विंडोजच्या भाषेत देते, तेव्हा वाइन दुभाष्याप्रमाणे त्या सूचना मॅकओएसला समजतील अशा रूपात पुढे पोहोचवते. यात विंडोजचा परवाना लागत नाही, जागा कमी लागते आणि गती चांगली मिळते. कोडवीव्हर्स या कंपनीचे क्रॉसओव्हर हे याच प्रणालीवर आधारलेले, पैसे देऊन घ्यायचे, परंतु वापरायला सोपे असे सॉफ्टवेअर आहे. ते १४ दिवस विनामूल्य वापरून पाहता येते.

दुसरा मार्ग आभासी संगणकाचा, म्हणजे मॅकच्या आतच संपूर्ण विंडोज बसवण्याचा. तिसरा मार्ग बूट कॅम्पचा. त्यात डिस्कचे दोन भाग करून एका भागावर विंडोज बसवले जाते आणि संगणक सुरू करताना दोहोंपैकी एक निवडावे लागते. बूट कॅम्प केवळ इंटेलच्या मॅकवर चालते, अ‍ॅपलच्या चिपवर ते उपलब्धच नाही. शिवाय त्यात अधिकृतपणे विंडोज १० पर्यंतच्याच आवृत्त्या बसवता येतात, आणि विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने दिलेला नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. जुना इंटेल मॅक दुर्बिणीजवळ ठेवून इंटरनेटशिवाय वापरायचा असेल तरच हा मार्ग विचारात घ्यावा.

आपल्या यादीत केवळ ‘फाइल’ प्रकारची सॉफ्टवेअर असतील तर पहिला मार्ग धरावा. तो जमला नाही किंवा एखादे सॉफ्टवेअर हट्टाने उघडेनासे झाले, तरच दुसऱ्याकडे वळावे.

पाचवी पायरी : क्रॉसओव्हरमध्ये सॉफ्टवेअर बसवणे

क्रॉसओव्हर त्याच्या निर्मात्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे, उतरलेली फाइल उघडून आलेले चिन्ह ‘अ‍ॅप्लिकेशन्स’ फोल्डरमध्ये ठेवावे आणि तेथूनच ते सुरू करावे. अ‍ॅपलच्या चिपवर प्रथमच असे सॉफ्टवेअर उघडले की मॅकओएस रोझेटा बसवण्याची परवानगी मागते. इंटेलच्या प्रोसेसरसाठी लिहिलेले सॉफ्टवेअर अ‍ॅपलच्या चिपवर चालवणारी ती अ‍ॅपलचीच सोय आहे, त्यामुळे परवानगी निःशंकपणे द्यावी.

क्रॉसओव्हरमधील मुख्य संकल्पना ‘बॉटल’ ही आहे. प्रत्येक बॉटल म्हणजे एक स्वतंत्र, छोटीशी विंडोजसदृश जागा असते. तिच्यात स्वतःचा सी ड्राइव्ह, स्वतःच्या सेटिंग्ज आणि स्वतःची सॉफ्टवेअर असतात. एका बॉटलमध्ये काही बिघडले तरी दुसऱ्या बॉटलला धक्का लागत नाही. या गुणाचा पुरेपूर फायदा घ्यावा आणि सुरुवातीपासूनच प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी वेगळी बॉटल करावी. सगळी सॉफ्टवेअर एकाच बॉटलमध्ये घातल्याने थोडी जागा वाचते खरी, पण बिघाड झाल्यावर तो कोणामुळे झाला हे शोधणे कठीण होते.

ऑटोस्टॅकर्टसाठी ‘न्यू बॉटल’ निवडून तिला ओळखता येईल असे नाव द्यावे आणि प्रकार म्हणून विंडोज १०, ६४ बिट निवडावा. ऑटोस्टॅकर्ट झिप फाइलच्या रूपात मिळते. ती मॅकवर उलगडून आलेले संपूर्ण फोल्डर बॉटलच्या सी ड्राइव्हमध्ये ठेवावे. त्यासाठी बॉटल निवडून ‘ओपन सी ड्राइव्ह’ हा पर्याय वापरावा. फोल्डरमधील मुख्य फाइल तेवढी उचलून दुसरीकडे ठेवू नये, कारण तिला लागणाऱ्या सहायक फाइली त्याच फोल्डरमध्ये असतात. त्यानंतर ‘रन कमांड’ हा पर्याय उघडून मुख्य ईएक्सई फाइल दाखवावी आणि प्रथम ‘सेव्ह कमांड अ‍ॅज अ लाँचर’ हे बटण दाबून मग सॉफ्टवेअर सुरू करावे. यामुळे पुढच्या वेळी केवळ चिन्हावर क्लिक करून काम सुरू होते. ऑटोस्टॅकर्टची अगदी नवी आवृत्ती सुरू झाली नाही, तर तिच्यामागे वेळ न घालवता आधीची तिसरी आवृत्ती वेगळ्या बॉटलमध्ये बसवून पाहावी. नवशिक्याच्या कामासाठी ती पुरेशी आहे.

रेजिस्टॅक्सची सहावी आवृत्ती नेहमीच्या इन्स्टॉलरच्या रूपात मिळते. त्यासाठी दुसरी बॉटल करून इन्स्टॉलर चालवावा आणि सुचवलेले फोल्डर न बदलता बसवणी पूर्ण करावी. येथे एक तांत्रिक बाब समजून घेणे आवश्यक आहे. रेजिस्टॅक्स हे ३२ बिटचे सॉफ्टवेअर आहे, आणि मॅकओएसने २०१९ मधील कॅटॅलिना आवृत्तीपासून ३२ बिटच्या सॉफ्टवेअरचा पाठिंबा काढून घेतला. क्रॉसओव्हरने आणि वाइनच्या अलीकडच्या आवृत्त्यांनी यावर तोडगा काढलेला आहे. परंतु वाइनचा एखादा जुना, कोणीतरी पूर्वी तयार करून ठेवलेला संच उतरवून घेतला तर त्यात रेजिस्टॅक्स उघडणार नाही. टर्मिनलमध्ये आज्ञा देण्याची सवय असलेल्यांना वाइन विनामूल्य बसवता येते आणि ते करायला हरकत नाही, मात्र आवृत्ती नवीच घ्यावी.

३२ बिटचे असल्यामुळे रेजिस्टॅक्सला मोठी मेमरीही वापरता येत नाही, मग मॅकमध्ये ती कितीही असो. म्हणून मोठी चित्रफीत रेजिस्टॅक्समध्ये उघडू नये. स्टॅकिंग ऑटोस्टॅकर्टमध्ये पूर्ण करावे, तयार झालेली एक १६ बिटची टिफ प्रतिमाच रेजिस्टॅक्समध्ये न्यावी आणि तेथे केवळ वेव्हलेट्सचे काम करावे. विंडोजवर काम करणारे अनुभवी छायाचित्रकारही याच पद्धतीने काम करतात.

रेजिस्टॅक्सची खिडकी लहान पडद्याच्या मॅकबुकवर कधी कधी इतकी उंच येते की खालची बटणे दिसत नाहीत. अशा वेळी मॅकच्या ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधील ‘डिस्प्लेज’ विभागात जाऊन ‘मोअर स्पेस’ची बाजू निवडावी. उलट अक्षरे फार बारीक दिसत असतील तर बॉटलच्या सेटिंग्जमधील हाय रेझोल्यूशन मोड बंद करून पाहावा.

सहावी पायरी : फाइली, फोल्डर आणि त्यांची नावे

सॉफ्टवेअर सुरू झाल्यावर नवशिक्याला पहिली अडचण येते ती फाइली सापडण्याची. वाइनमध्ये मॅकची संपूर्ण डिस्क ‘झेड’ या ड्राइव्हखाली दिसते. बाहेरून जोडलेल्या डिस्क त्याच झेड ड्राइव्हमधील ‘व्हॉल्यूम्स’ या फोल्डरमध्ये आढळतात. फोल्डर दिसते पण आत काहीच नाही, असे झाले तर दोष सॉफ्टवेअरचा नसून परवानगीचा असतो. ‘सिस्टिम सेटिंग्ज’, त्यात ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ आणि त्यात ‘फाइल्स अँड फोल्डर्स’ येथे जाऊन क्रॉसओव्हरला संबंधित फोल्डर व बाहेरच्या डिस्क वापरण्याची परवानगी द्यावी.

दुसरी अडचण आपल्याकडे विशेषतः येते. मॅकवर फोल्डरला ‘गुरू जानेवारी’ असे देवनागरी नाव देणे सहज शक्य असते, परंतु जुन्या धाटणीच्या विंडोज सॉफ्टवेअरना युनिकोड अक्षरे वाचता येत नाहीत. त्यांना त्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात आणि फाइल उघडत नाही. फोल्डर ज्या मोठ्या फोल्डरमध्ये आहे त्याचे नाव देवनागरीत असले तरी हीच अडचण येते. म्हणून या कामासाठी एक स्वतंत्र फोल्डर करावे आणि त्याच्या आतील सर्व नावे रोमन अक्षरांत, इंग्रजी अंकांत व मोकळी जागा न सोडता लिहावीत. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग वेळ असा क्रम ठेवला तर फाइली आपोआप कालक्रमाने लागतात.

वेळ कोणती लिहावी, हा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी महत्त्वाचा आहे. गुरू स्वतःभोवतीची एक फेरी दहा तासांहूनही कमी वेळात पूर्ण करतो, त्यामुळे दोन-तीन मिनिटांपेक्षा लांब चित्रफितीत त्याच्या पृष्ठभागावरील खुणा सरकलेल्या दिसतात. या सरकण्याची दुरुस्ती करणारे विनज्युपॉस हे सॉफ्टवेअर फाइलच्या नावातील वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळ म्हणजे यूटीसी समजून वाचते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. रात्री ११ वाजता घेतलेल्या चित्रफितीवर सायंकाळची ५.३० ही वेळ, आणि पहाटे ४ वाजता घेतलेल्या चित्रफितीवर आदल्या तारखेची रात्रीची १०.३० ही वेळ लिहायला पाहिजे. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. शेकडो फाइलींची नावे नंतर सुधारणे फार जिकिरीचे असते.

चित्रफितीचे स्वरूप एसईआर असेल तर उत्तम. एव्हीआय किंवा मोबाइलमधून येणाऱ्या चित्रफिती उघडण्यासाठी विंडोजमधील विशिष्ट कोडेक (चित्रफीत उलगडणारे छोटे सॉफ्टवेअर) लागतात, आणि वाइनमध्ये ते असतीलच असे नाही. एसईआरमध्ये चौकटी कोणत्याही संकोचनाशिवाय जशाच्या तशा साठवलेल्या असल्यामुळे ही अडचण उद्भवत नाही. मोबाइल किंवा डीएसएलआरने घेतलेल्या चित्रफिती आधी पीआयपीपीमधून एसईआरमध्ये बदलून घ्याव्यात.

साठवणुकीच्या डिस्कची रचनाही पाहून घ्यावी. ६४० गुणिले ४८० बिंदूंची, ८ बिटची कृष्णधवल चौकट सुमारे ३ लाख ७ हजार बाइट घेते. सेकंदाला १०० चौकटी या गतीने दोन मिनिटांत सुमारे ३.७ जीबी आणि तीन मिनिटांत सुमारे ५.५ जीबी एवढी फाइल तयार होते. फॅट३२ रचनेच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, त्यामुळे दुसरी चित्रफीत तेथे साठवता येणार नाही. एनटीएफएस रचनेची डिस्क मॅकला वाचता येते, पण तिच्यावर लिहिता येत नाही. मॅक आणि विंडोज या दोन्हींवर फिरणारी डिस्क एक्सफॅट रचनेची करावी. मात्र रचना बदलताना आधीचा मजकूर पुसला जातो, म्हणून त्याची प्रत आधी काढून ठेवावी.

सातवी पायरी : छोट्या फाइलवर चाचणी

पहिल्याच दिवशी काही जीबींची चित्रफीत उघडू नये. चारपाचशे चौकटींची छोटी एसईआर फाइल घ्यावी. स्वतःजवळ नसेल तर खगोलमंडळातील एखाद्या सदस्याकडून मिळते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून कार्यरत आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे आणि इतरही अनेक शहरांत अशी मंडळे आहेत. तेथील छायाचित्रकार नवोदितांना अशी मदत आनंदाने करतात. पावसाळ्याचे महिने महाराष्ट्रात आकाशनिरीक्षणासाठी बहुतांशी निरुपयोगी असतात, त्यामुळे ही सगळी जुळवाजुळव आणि सराव याच काळात उरकून घ्यावा.

ऑटोस्टॅकर्टमध्ये क्रम बटणांवरच लिहिलेला असतो. प्रथम ‘ओपन’ करून फाइल उघडावी. स्थिरीकरणासाठी, संपूर्ण बिंब चौकटीत असेल तर ‘प्लॅनेट’ आणि चंद्राचा केवळ पृष्ठभाग दिसत असेल तर ‘सरफेस’ निवडावे. त्यानंतर ‘अ‍ॅनलाइज’ दाबल्यावर गुणवत्तेचा आलेख येतो. आलेख पाहून किती टक्के चौकटी घ्यायच्या ते ठरवावे, संरेखनाचे बिंदू (ज्यांच्या आधारे चौकटी एकमेकींवर जुळवल्या जातात) बिंबावर पसरवावेत आणि शेवटी ‘स्टॅक’ दाबावे. तयार झालेली टिफ प्रतिमा मूळ चित्रफितीच्या शेजारी नव्या फोल्डरमध्ये दिसली, तर बसवणी यशस्वी झाली असे समजावे. ती प्रतिमा रेजिस्टॅक्समध्ये उघडून वेव्हलेट्सच्या सहा थरांपैकी पहिल्या दोन-तीन थरांच्या पट्ट्या सावकाश सरकवाव्यात, ‘डू ऑल’ दाबून बदल संपूर्ण प्रतिमेवर लागू करावा आणि प्रतिमा साठवावी.

आभासी संगणकाचा मार्ग घ्यावा लागला तर

अ‍ॅपलच्या चिपवर आभासी संगणकात बसवायची विंडोज ही आर्म प्रोसेसरसाठीची (म्हणजे त्या चिपच्याच रचनेची) विंडोज ११ असते. पॅरलल्स डेस्कटॉप या सॉफ्टवेअरमध्ये ती चालवण्यास मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२३ मध्ये अधिकृत मान्यता दिली. पॅरलल्स पैसे देऊन घ्यावे लागते, पण विंडोज उतरवून बसवण्याचे बहुतेक काम ते स्वतःच करते. व्हीएमवेअर फ्यूजन नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांसाठी विनामूल्य आहे, आणि यूटीएम हे मुक्त सॉफ्टवेअरही उपलब्ध आहे. यांपैकी काहीही वापरले तरी विंडोजचा परवाना स्वतंत्रपणे घ्यावा लागतो; तो खर्च हिशेबात धरावा.

विंडोज ११ ची किमान गरज ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवण अशी आहे, आणि मॅकओएसलाही त्याच मेमरीत राहायचे असते. एकूण ८ जीबी मेमरीच्या मॅकवर हा प्रयोग कंटाळवाणा ठरतो. १६ जीबी असेल तर काम सुखाने होते. इंटेल प्रोसेसरसाठी लिहिलेली ३२ व ६४ बिटची सॉफ्टवेअर आर्मवरील विंडोज ११ अंतर्गत भाषांतराने चालवते, त्यामुळे ऑटोस्टॅकर्ट आणि रेजिस्टॅक्स तिच्यात चालू शकतात. मॅक आणि विंडोज यांच्यातील सामायिक फोल्डरमधून मोठी चित्रफीत वाचताना गती मंदावते, म्हणून ज्या फाइलवर काम करायचे ती आधी विंडोजच्या आभासी डिस्कवर उतरवून घ्यावी आणि काम झाल्यावर तेथून पुसावी.

कॅमेरा आणि दुर्बीण यांच्या नियंत्रणाबाबत

येथे सर्वाधिक गैरसमज होतात. आर्मवरील विंडोज इंटेलसाठी लिहिलेले सॉफ्टवेअर चालवते, परंतु उपकरणांचे ड्रायव्हर चालवत नाही. ड्रायव्हर हा ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात काम करणारा भाग असल्यामुळे तो आर्मसाठीच तयार केलेला असावा लागतो. आपल्या कॅमेऱ्याच्या किंवा दुर्बिणीच्या उत्पादकाने असा ड्रायव्हर दिला नसेल, तर शार्पकॅप उघडेल, पण कॅमेरा त्यात दिसणार नाही. वाइनच्या मार्गाने तर यूएसबी कॅमेऱ्याची अपेक्षाच ठेवू नये. विंडोजवर दुर्बीण, फोकसर आणि कॅमेरा यांना जोडणारी एएससीओएम ही व्यवस्थाही १९९८ मध्ये सुरू झाली तेव्हापासून विंडोजच्या अंतर्गत रचनेवर बेतलेली आहे.

म्हणून चित्रफीत घेण्यासाठी मॅकचीच सॉफ्टवेअर वापरावीत. फायरकॅप्चरची मॅकसाठी आवृत्ती आहे, अ‍ॅस्ट्रोडीएमएक्स कॅप्चर मॅकवर चालते, आणि केस्टार्स या सॉफ्टवेअरमधील इकॉस हे साधन इंडी या व्यवस्थेच्या आधारे दुर्बीण व कॅमेरा दोन्ही चालवते. आपला कॅमेरा यांपैकी कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये चालतो हे कॅमेरा खरेदी करण्यापूर्वीच तपासावे.

शार्पकॅप किंवा एनआयएनए याशिवाय चालणारच नाही अशी गरज असेल, तर माझा स्पष्ट सल्ला असा की विंडोजचा एक लहान किंवा जुना संगणक दुर्बिणीजवळ ठेवावा आणि मॅकवरून त्याचा पडदा दूरस्थ पद्धतीने पाहावा. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे ‘विंडोज अ‍ॅप’ मॅकवर मिळते. मात्र रिमोट डेस्कटॉपने जोडून घेण्याची सोय विंडोजच्या प्रो आवृत्तीत असते, होम आवृत्तीत नसते, हे संगणक घेताना लक्षात ठेवावे. चित्रफिती त्या संगणकावर घ्याव्यात आणि एक्सफॅट डिस्कवरून मॅकवर आणून पुढचे काम करावे.

सुरक्षितता आणि पुढील आवृत्त्या

वाइनमध्ये विंडोजचे सॉफ्टवेअर चालते, तसेच विंडोजचे घातक सॉफ्टवेअरही चालू शकते, आणि झेड ड्राइव्हमुळे त्याला आपल्या सर्व खासगी फाइलींपर्यंत वाट मोकळी असते. म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअर त्याच्या लेखकाच्या मूळ पानावरूनच घ्यावे. ओळखीच्या व्यक्तीने पाठवलेली ईएक्सई फाइलही वापरू नये.

मॅकओएसची नवी मुख्य आवृत्ती आली की ती लगेच बसवण्याची घाई करू नये. ग्रहणाच्या किंवा गुरूच्या प्रतियुतीच्या आसपास तर मुळीच करू नये. अ‍ॅपलने जून २०२५ मध्ये जाहीर केल्यानुसार रोझेटा मॅकओएसच्या २७ व्या आवृत्तीपर्यंत पूर्ण स्वरूपात मिळेल आणि त्यानंतर तिचा मर्यादित भागच, मुख्यतः जुन्या खेळांसाठी, शिल्लक राहील. मॅकवरील वाइन सध्या रोझेटावर अवलंबून असल्यामुळे, त्यापुढील आवृत्तीवर जाण्यापूर्वी क्रॉसओव्हरची नवी आवृत्ती रोझेटाशिवाय चालते का, हे तिच्या निर्मात्यांच्या सूचना वाचून ठरवावे.

सगळे नीट चालू लागले की त्याच दिवशी क्रॉसओव्हरमधून प्रत्येक बॉटलची संग्रह-फाइल काढावी आणि ती सॉफ्टवेअरच्या मूळ झिप व इन्स्टॉलर फाइलींसह बाहेरच्या डिस्कवर ठेवावी. नवा मॅक घेतल्यावर किंवा एखादी बॉटल बिघडल्यावर क्रॉसओव्हर बसवून ती संग्रह-फाइल परत उघडली, की लाँचर आणि सेटिंग्ज यांसह सर्व काही पूर्वीसारखे मिळते. केवळ बाहेरच्या डिस्कची नावे बदलली असतील तर झेड ड्राइव्हमधील मार्ग पुन्हा दाखवावे लागतात.